विंशतिफलकात अडकलेली बोटं

मुलीने आठवडाभर खपून केलेला पुठ्ठ्याचा विंशतिफलक गणिताच्या सरांनी डोळ्यांजवळ धरला. वीस सारख्या त्रिकोणांची ही आकृती ते अठरा वर्षं फळ्यावर काढत आले होते. हाताने एकदाही केली नव्हती.

"कडा वाकड्यात."

"असू देत ना, बाबा. दुपारी प्रदर्शन आहे."

"माझी मुलगी असलं घेऊन जाणार?" म्हणत त्यांनी तो टराटरा फाडला.

सर स्वतः नवा करायला बसले, तो काही केल्या मिटेना. जोडावा तर थाळीसारखा सपाट पडे.

"पुठ्ठाच भिकार आहे."

"मघाशी तर चांगला होता," बायको म्हणाली.

शेवटी सरांनी जालीम गोंद आणला, आकृती दाबूनदुबून बंद करत आणली आणि शेवटचा सांधा आतून दाबायला दोन बोटं आत घातली. गोंद खरंच जालीम निघाला. बोटं निघेनात. ओढावीत तर सगळं फाटणार आणि मुलगी रिकाम्या हाताने जाणार.

म्हणून सरही गेले. आकृती टेबलावर, सर तिला जोडलेले. शाळा त्यांचीच, वर्गातली पोरं दोनदोनदा येऊन बघून गेली.

"सर, हातपण प्रदर्शनात आहे?"

"पुढे चला!"

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी आकृतीवरून बोट फिरवलं. "या कोपऱ्यावर सहा त्रिकोण आलेत. पाचच हवेत, सहाने सपाट होतं." मग मायेने म्हणाल्या, "बाळ, घरात गणिताचे सर आहेत. विचारायचंस तरी!"

मुलीने मान खाली घातली. "चुकलं माझं."

सरांची कानशिलं तापली. बाई पुढच्या टेबलाकडे वळल्याही होत्या. गप्प बसले असते तर निभावलं असतं.

"बाई, तिचं बरोबर होतं," सर म्हणाले. "ते मी फाडलं. हे... हे माझं आहे."

बाईंनी वहीत काहीतरी खोडलं. "मग हे कापायला हरकत नाही." कात्री आली. सर सुटले तशा पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी मुलगी कोरा पुठ्ठा घेऊन बसली. सर दाराशी घुटमळत होते.

"बाबा, पट्टी धरता?" ती वर न बघता म्हणाली. "नुसती धरायची हं."

सर जमिनीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पट्टी धरली. मध्येच नाकाला भयंकर खाज सुटली. त्यांनी हात हलवला नाही.