डास होता

पडदेवाल्यांच्या मुलीचं लग्न ठरल्यात जमा होतं. मुलाने आणि मुलीने एकमेकांना पसंत केलं होतं, फोटो पाहून दोन्हीकडच्या आयांनी फारशी नाकं मुरडली नव्हती, आता घरच्या मोठ्यांनी भेटायचं तेवढं राहिलं होतं. ही भेट एखाद्या हॉटेलात तासाभरात उरकता आली असती. पण पडदेवाल्यांना कुठलीच गोष्ट तासाभरात उरकता येत नसे. खिडकीचं माप घ्यायला गेले तरी ते गिऱ्हाइकाच्या घरी चहा पिऊन, त्याच्या घराण्याचा इतिहास ऐकून आणि आपला ऐकवून परत येत.

"तळ्याकाठी एक घर भाड्याने मिळतंय," ते बायकोला म्हणाले. "सुट्टी आहे, हवा छान आहे. दोन्ही कुटुंबं मिळून जाऊ. चार दिवस एका छपराखाली राहिलं की माणसं कळतात."

"त्याचीच मला भीती वाटते," बायको म्हणाली.

पण पडदेवाल्यांनी तोवर फोन लावलासुद्धा होता.

मुलाकडची मंडळी ठरल्या दिवशी आली. मुलाची आई एका शाळेची मुख्याध्यापिका होती. ती समोर बसली की माणूस आपोआप ताठ बसे. मुलाचे वडील कोर्टात लघुलेखक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी वकिलांचं, साक्षीदारांचं आणि न्यायाधीशांचं बोलणं झरझर उतरवून घेतलं होतं. त्या गडबडीत स्वतः बोलायचं राहूनच गेलं होतं. विचारलं तर ते उत्तर देत, पण विचारलं असेल तेवढ्याचंच. पडदेवाल्यांना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांनी व्याह्यांना कापडाच्या सगळ्या जाती समजावून दिल्या.

जेवणाची पानं व्हरांड्यात मांडली होती. समोर तळं, वर तांबूस आभाळ, वाऱ्याची झुळूक. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "जागा छान शोधलीत हं."

पडदेवाल्यांची छाती फुगली. तेवढ्यात बाईंनी मानेवर चापट मारली. मग दंडावर. मग पायावर. तळ्यावरून डासांची पलटण आली होती आणि तिने पाहुण्यांतही मानाचा पाहुणा बरोबर हेरला होता.

आपण ठरवलेल्या घरात विहीणबाईंना डास चावावा, ही गोष्ट पडदेवाल्यांच्या मनाला फार लागली. त्यांनी आतून कॉइल आणून बाईंच्या खुर्चीखाली पेटवली. डास हलले नाहीत, पण बाईंना खोकल्याची अशी ढास लागली की डोळ्यांतून पाणी आलं. कॉइल विझवली.

"माझ्याकडे उपाय आहे," पडदेवाले म्हणाले. प्रवासाला जाताना लोक औषधं नेतात, ते पडद्याच्या जाळीचं एक ठाण नेत असत. त्यांनी आणि होणाऱ्या जावयाने मिळून खांबाखांबांना जाळी बांधली, कोपरे चिमट्यांनी आवळले, खाली विटा ठेवल्या. काम इतकं नेटकं झालं की आत असलेल्या एकाही डासाला बाहेर जायला फट उरली नाही.

"बाबा, डास आत आहेत," मुलगी म्हणाली.

"ते दिव्यामुळे. दिवा मालवला की शांत होतील."

दिवा मालवला. टेबलाच्या टोकाला एक मेणबत्ती लावली. त्या मिणमिणत्या उजेडात मंडळी पुन्हा जेवायला बसली आणि वातावरण हलकं करावं म्हणून पडदेवाल्यांनी बोलायला सुरुवात केली.

"आता ही जाळी. खिडकी जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट कापड घ्यायला हवं. लोक तिथे कंजुषी करतात. मग चुण्या पडत नाहीत. आणि चुण्या पडल्या नाहीत तर तो पडदा नव्हे, ती नुसती चादर. परवा एक गिऱ्हाईक आलं..."

फट्.

आवाज असा खणखणीत आला की सगळ्यांचे घास हातातच राहिले. पडदेवाल्यांचा हात डोक्यावर गेला. कानांमागे केसांची एक झालर सोडली तर त्या डोक्यावर आडोसा काहीच नव्हता. शेजारी लघुलेखक बसले होते आणि त्यांचा तळवा अजून हवेत होता.

"डास होता," लघुलेखक म्हणाले.

दुपारपासून ते आपणहून बोललेले हे पहिलेच शब्द होते.

पडदेवाले कसेबसे हसले. "असेल, असेल. मेला का?"

लघुलेखकांनी तळवा मेणबत्तीजवळ नेला. तळवा स्वच्छ होता. पुढचं जेवण भराभर उरकलं. खोलीचं दार लागल्यावर मुलीची आई म्हणाली, "आल्या आल्या आमच्या माणसावर हात उचलला. इतकी वर्षं संसार केला, मी कधी बोट लावलं नाही."

"अगं, डास होता."

"मग गेला कुठे? अंधारात यांना तेवढा डास दिसला आणि तुमचं डोकं नाही दिसलं?"

सकाळी नाश्त्याला कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. मुलीची आई पाव कापत होती, पण सुरी अशी चालवत होती की पावाचीच दया यावी. मुलीने होणाऱ्या नवऱ्याला अंगणात गाठलं.

"तुझ्या बाबांनी निदान सॉरी तरी म्हणायचं."

"डास मारल्याबद्दल?"

"माझ्या बाबांना मारल्याबद्दल."

"अगं, तुझ्या बाबांचं डोकं असं आहे ना, मेणबत्तीच्या उजेडात चमकतं. त्यावर काहीही पटकन दिसतं."

आपण वडिलांची बाजू सावरतोय असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं. मुलगी आत निघून गेली. जाताना म्हणाली, "लग्नाचा मला जरा विचार करावा लागेल." होणारा जावई तळ्याच्या काठी जाऊन बसला आणि पाण्यात खडे टाकू लागला. खड्यागणिक त्याचा चेहरा उतरत होता.

पडदेवाले खिडकीतून हे पाहत होते. एवढा चांगला मुलगा, एवढं चांगलं घर आणि सगळं एका डासावर अडलेलं. टाळू केव्हाच दुखायची थांबली होती. चापट मारणाऱ्याचा त्यांना रागही नव्हता. डास होता हे एकदा सिद्ध झालं की लग्न वाचेल, एवढं त्यांना दिसत होतं. पण कालचा डास आज आणायचा कुठून?

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा पडदेवाल्यांनी घर धुंडाळलं. रात्री ज्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता त्या डासांपैकी एकही आता कुठे दिसेना. ते पलंगाखाली वाकले, माळ्यावर चढले, न्हाणीघरात बादलीमागे दबा धरून बसले. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यात एक डास उताणा पडलेला सापडला. त्याला त्यांनी चिमटीने उचलून काड्यापेटीत ठेवलं, अगदी रेशमाचा धागा उचलावा तसं.

संध्याकाळच्या चहाला सगळे व्हरांड्यात जमले. जमले म्हणजे, एकत्र बसले एवढंच. पडदेवाले खाकरले.

"एक दाखवायचं होतं. आज अंघोळ करताना कानामागे काहीतरी टोचलं. बघतो तर हे." त्यांनी काड्यापेटी उघडली. "केसांत अडकला होता."

मुलीची आई पुढे झाली. तिने डास पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा डास पाहिला. "म्हणजे खरंच होता म्हणायचा," ती म्हणाली आणि कपाळावरची आठी जरा सैल झाली. होणाऱ्या जावयाने सुटकेचा श्वास सोडला. मुलीने सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली.

लघुलेखकांनी चष्मा चढवला, काड्यापेटी जवळ ओढली आणि नीट पाहिलं.

"हा तो नव्हे," ते म्हणाले.

पडदेवाल्यांनी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. लघुलेखकांनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि आपला पाय बाजूला घेतला.

"कशावरून नव्हे?" मुलीच्या आईने विचारलं.

"तो उडून गेला. मी पाहिला."

मुलीने बिस्किटांची बशी परत ओढून घेतली.

मुख्याध्यापिकाबाईंनी कप खाली ठेवला. "पडदेवाले," त्या शांतपणे म्हणाल्या, "हा डास कुठून आणलात?"

शाळेची काच फुटल्यावर त्या ज्या आवाजात विचारत, तोच हा आवाज होता. पडदेवाले उठून उभे राहिले. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

"का?"

"पोरांचं लग्न मोडू नये म्हणून."

"बसा खाली."

पडदेवाले बसले. त्यांच्या बायकोने पदराने तोंड झाकलं. राग येण्याची पाळी आता कुणाची, हेच तिला कळेना.

"इतकी वर्षं शाळा चालवतेय मी," बाई सुरू झाल्या. "स्वतःची शिक्षा चुकवायला खोटं बोलणारे ढिगाने पाहिले. पण स्वतः मार खायचा आणि वर मारणाऱ्याला वाचवायला खोटं बोलायचं, असं..."

याच वेळी एक डास आला आणि बाईंच्या कपाळावर मधोमध बसला.

सगळ्यांनी तो पाहिला. कालच्या एका चापटीने काय रामायण घडलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पडदेवाल्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. लघुलेखक छताकडे पाहू लागले. आईला हात लावायची मुलाची हिंमत लहानपणीही झाली नव्हती. डास मात्र निवांत होता. त्याचं पोट हळूहळू लाल होऊ लागलं.

"सगळे माझ्याकडे असं काय बघताय?" बाई म्हणाल्या.

"काकू, हलू नका," मुलगी म्हणाली आणि उठून तिने होणाऱ्या सासूच्या कपाळावर सणसणीत चापट मारली.

तळ्यातल्या बेडकांनीसुद्धा क्षणभर दम धरला.

"अगं कार्टे," तिची आई कशीबशी म्हणाली, "लग्नाआधीच?"

मुलीने तळवा पुढे केला. तळव्यावर डास होता, चपटा झालेला, आणि भोवती लाल ठिपका. लघुलेखक उठून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "होता. मेला."

बाईंनी कपाळ चोळलं. पोरीकडे पाहिलं. मग विहिणीकडे वळून म्हणाल्या, "कालपासून हे मेले मला सोलून खातायत आणि एवढ्या माणसांत कुणाचा हात उठेना. शिकवलंयत चांगलं हो पोरीला." आणि त्यांना हसू फुटलं. मुख्याध्यापिकाबाई अशा गदागदा हसू शकतात हे त्यांच्या मुलालाही नवीन होतं.

"आमच्याकडून एक, तुमच्याकडून एक," हसता हसता त्या म्हणाल्या. "फिट्टंफाट."

मुलीच्या आईने त्यांच्या कपाळाला लावायला मलम आणलं आणि दोघी विहिणी स्वयंपाकघरात गेल्या. मुलगी आणि होणारा जावई तळ्याकाठी गेले. तो काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. बहुधा टकलाबद्दल माफी चालली असावी.

व्हरांड्यात दोघे व्याही उरले. पडदेवाल्यांना एक गोष्ट राहून राहून विचारावीशी वाटत होती.

"खरं सांगा, काल डास होता ना?"

"होता."

पडदेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, "कुठे होता?"

लघुलेखकांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या खांद्यावर."

"मग डोक्यावर का मारलीत?"

"चुण्यांचं तुम्ही तिसऱ्यांदा सांगत होता."

पडदेवाल्यांनी टाळूवरून हात फिरवला. गिऱ्हाइकं आजवर चहा पाजत, मान डोलवत, पण असं कुणी कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. "आधी सांगायचं ना," ते म्हणाले.

"मध्ये बोलायची सवय नाही. कोर्टात मध्ये बोलता येत नाही." लघुलेखक जरा थांबले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कोर्टावरून आठवलं. एकदा एक साक्षीदार आला. म्हणे, चोराला पाठमोरं पाहिलं, पण चेहरा ओळखतो. वकिलाने विचारलं..."

पडदेवाल्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. तो साक्षीदार संपला, दुसरा आला. त्याच्यामागून बोकडाच्या मालकीचा खटला आला, त्यात बोकडालाच हजर केलं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं सुरळीत, तारीखवार बाहेर येऊ लागलं. पडदेवाले पोट धरून हसत होते आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकत होते.

आत स्वयंपाक होऊन गेला. मुलीची आई दाराशी येऊन कान देऊन उभी राहिली.

"हे कोण बोलतंय?"

मुख्याध्यापिकाबाई डाव हातात घेऊन तशाच थबकल्या होत्या. "आमचे," त्या म्हणाल्या.

"जेवण निवतंय. थांबवता का जरा?"

"मला काय ठाऊक कसं थांबवायचं? माझ्यावर कधी वेळच आली नाही. तुम्ही कसं थांबवता?"

"मला जमतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग पातेल्यांवर पुन्हा झाकणं ठेवली आणि दोन पाट ओढून दाराशी ऐकत बसल्या.