डक्टला घाम फुटला!

मंडळी, रिसोडात एसी आता बऱ्याच घरी झालेत. पण डक्टचा एसी म्हटला की लोक बोट दाखवतात ते माझ्याच घराकडे! आणि त्या डक्टमधून पाण्याचा एक थेंबसुद्धा खाली पडणार नाही, असं मी गावभर छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, विहारात सांगितलं, सलूनमध्ये तर गळ्यावर वस्तरा असताना सांगितलं! का नाही सांगणार? मी विज्ञानाचा शिक्षक. हवेतली वाफ थंड वस्तूला भेटली की तिचं पाणी होतं, हे दरवर्षी बर्फाचा ग्लास टेबलावर ठेवून मी पोरांना शिकवतो. तास संपेपर्यंत पोरं बर्फ खाऊन टाकतात, तो भाग वेगळा.

डक्ट म्हणजे पत्र्याचं चौकोनी नळकांडं. पॅसेजमधल्या मशीनपासून निघतं, हॉलच्या छताखालून जातं आणि पार शेवटच्या खोलीत उघडतं. आत गार हवा, बाहेर आपली नेहमीची हवा, मधे नुसता पत्रा. तो उघडा ठेवला की त्याला घाम फुटणारच! मग थेंब गळतात, छताला बुरशी चढते, पत्रा गंजतो. म्हणून त्यावर काळा रबरी फोम चिकटवायचा, सांध्यांवर चंदेरी पट्टी मारायची आणि हवेला शिरायला फट म्हणून ठेवायची नाही.

शेजारच्या मालेगावहून आलेला फिटर भाऊसिंग माझ्यावर वैतागला होता.

"सर, घरातल्या घरात कायले एवढा फोम? हे काय ऑपरेशन थेटर हाय?"

"भाऊसिंग, या कोपऱ्यात फट राहिली."

"तिथून मुंगी बी नाही जात सर!"

"मुंगी नाही, वाफ जाते!"

शेवटी त्यानं पट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं, मला शिडीवर चढवलं आणि स्वतः खाली बसून चहा मागवला. मी एकेक सांधा असा बंद केला की विचारू नका! बायको, सपना, म्हणाली, "माह्या डब्याची झाकणं कधी एवढ्या मनानं नाही लावली तुमी."

पण हा सगळा आटापिटा हौसेचा नव्हता, मंडळी. तो होता मायसाठी.

गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. जानराव म्हटलं की आमच्या रिठद गावात अजूनही लोक हळदीच्या वावराकडे बघतात. ते गेले आणि माय त्या घरात एकटी उरली. दिवसातून कितीदा फोन करायचो! एखाद्या वेळी उचलला नाही की माझा जीव टांगणीला. ती विहिरीवर असायची, नाहीतर शेजारी शेंगा फोडत बसलेली, पण इकडे मला फळा दिसायचा नाही. धाकट्या संघदीपकडे नागपूरला गेली, तर त्याच्या भिंतीवरच्या एसीला वैतागून परत आली. "बम फुकते थे मशीन अंगावर! खांदा धरला माहा." म्हणून मी डक्ट बसवला. छताच्या जाळीतून हलकेच उतरणारी हवा, अंगावर झोत नाही, आवाज नाही.

माय आली. पण मुदतीची अट घालून आली. "बुद्धपौर्णिमेलोक राह्यतो. नाही करमलं तं रिठदले चालली मी. मंग गळ नाही घालाची."

येताना तिनं काय आणलं? एक माठ आणि बाबांच्या शेवटच्या हळदीच्या रिकाम्या पोत्यांचं गाठोडं!

"माय, ही पोती कशाला?"

"राहू दे. कामाले येतात."

माठ तिनं हॉलच्या कोपऱ्यात मांडला. मग मान वर करून डक्ट पाहिला. माझी कॉलेजातली पोरगी धम्मदीपा सुटीवर घरी आली होती. तिला शिडीवर चढवून माय म्हणाली, "पाह्य व, उलटा हात लावून पाह्य."

"कोरडं आहे, आजी."

"घाम?"

"नाही."

माझी छाती फुगली! मायचा चेहरा पडला.

"कोरडंठाक? मंग थंड कसं होईन थे? माठ झिरपला नाही तं पानी गार होते का?"

मी लगेच फ्रिजमधून बर्फ काढला, स्टीलच्या ग्लासात टाकला आणि तास सुरू केला. ग्लासाच्या बाहेरून थेंब जमले. "बघ माय, हे पाणी ग्लासातलं नाही. हे हवेतलं आहे!"

माय ग्लासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हवेत एवढं पानी होतं, तं तुह्या बापानं विहीर कायले खोदली?"

सपना पदराआड हसली. धम्मदीपा पदर नसल्यामुळे उघडच हसली. मी बर्फ खाऊन टाकला.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, माय चुकीची नव्हती. माठाच्या बाबतीत तिचं शंभर टक्के खरं. रिठदला आमच्या ओसरीत रांजण होता. उन्हाळा लागला की बाबा त्याला पोतं गुंडाळायचे, सुतळीनं बांधायचे आणि रोज सकाळी त्यावर हातानं पाणी शिंपडायचे. मग उलट्या हाताने चाचपून म्हणायचे, "फुटला घाम. प्या लेकहो!" मी आणि संघदीप दुपारी वावरातून यायचो ते थेट रांजणाला गाल लावून उभे राहायचो. एक गाल गार झाला की दुसरा. ओल्या तरटाचा, मातीचा, हळदीचा मिळून एक वास यायचा. तसा गारवा मला पुन्हा कुठल्याच मशीनमधून मिळाला नाही, हे मी एसीचे हप्ते भरणारा माणूस सांगतोय! पण ते पाणी वाऱ्यानं उडतं म्हणून माठ गार होतो, आणि डक्ट आधीच गार असतो म्हणून त्याला पाणी सुटतं. दोन्ही घाम वेगळे. हे मायला पटवायला गेलो, तर ती म्हणाली, "घाम तं घामच असते, बाबू. आजाऱ्याले घाम सुटला का ताप उतरते. याले कोंडून ठेवलं तुनं!"

दोन दिवसांनी मायच्या खोलीतल्या जाळीतून टपटप सुरू झाली. धावत गेलो, तर खोलीत एसी चालू, कूलर चालू आणि दारावर ओलं लुगडं लटकवलेलं! आत पावसाळ्यासारखी दमट हवा. भाऊसिंगला बोलावलं. त्यानं दारातूनच कपाळाला हात लावला.

"अवं मायबाई, एसी अन् कूलर संगच? हे म्हनजे एकाच टाइमाले गाडी पुढं बी अन् मागं बी चालवून राह्यले तुमी!"

"दोन दोन असले तं दुप्पट गार होईन ना रे भाऊ?"

"नाही होत मायबाई. हवा ओली होते अन् जाळी गळते."

कूलर बंद झाला, लुगडं निघालं, जाळी कोरडी झाली. मी जिंकलो! माय मात्र संध्याकाळी अंगणात बसून एसटीच्या आवाजाकडे कान लावून असायची. रिठदची गाडी तिला आवाजावरून कळते. ते पाहून मला फार वाईट वाटायचं, आणि मी जाऊन उगाच एसी आणखी गार करून यायचो.

पौर्णिमा आली. मी मनाशी ठरवलं होतं, आज घर असं गार आणि भरलेलं ठेवायचं की मायनं रिठदचं नावच काढू नये. विहारात सकाळची वंदना झाल्यावर भंतेजी आमच्याकडे भोजनदानाला येणार होते. नातेवाईक येणार होते, खिरीचं पातेलं चुलीवर चढलं होतं. मी पांढरा शुभ्र शर्ट घालून स्टँडवर गेलो. मालेगावहून मायची बहीण, रुपाबाई मावशी, यायची होती. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली. मावशी पांढऱ्याशुभ्र साडीत, कडक इस्त्री, हातात मोगऱ्याची पुडी.

घरी आलो तेव्हा हॉल भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत, भंतेजी आसनावर. मावशीला पुढे बसवून मीही हात जोडून बसलो आणि सहज वर पाहिलं.

डक्ट नव्हता!

म्हणजे होता, पण माझा नव्हता. काळा फोम गायब, चंदेरी पट्टी गायब! त्या जागी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळीनं बांधलेली, पाण्यानं निथळणारी पोती! खाली शिडीला टेकून मांडी घातलेली धम्मदीपा माझी नजर चुकवत होती. सपना एकदम खिरीकडे पळाली. आणि माय? माय समाधानानं वर पाहत होती, बाबा रांजणाकडे पाहायचे तशी.

"माय!" मी दातओठ खात कुजबुजलो. "फोम कुठंय?"

"सोलला. भुईमुगाच्या शेंगावानी निंगाला. एवढ्या उन्हात गोधडी पांघरून ठेवली होती बिचाऱ्याले!"

तेवढ्यात त्रिसरण-पंचशील सुरू झालं. सगळ्यांचे डोळे मिटले, हात जुळले. आता उठणार कसा आणि बोलणार कसा? हॉलमध्ये एवढी माणसं, स्वयंपाकघरातून खिरीची वाफ, वर उघडा गार पत्रा आणि त्यावर ओली पोती. पहिला थेंब माझ्या बाहीवर पडला.

पिवळा!

हळदीची पोती होती हो ती! पोत्याच्या दोऱ्यादोऱ्यात बसलेली बाबांची हळद पाण्याबरोबर उतरत होती. टप! मावशीच्या खांद्यावर. टप टप! शेजारच्या गुरुजींच्या टकलावर. एकानंही डोळा उघडला नाही. वंदना संपेपर्यंत आमचा अख्खा गोतावळा मांडवात बसवल्यासारखा पिवळा झाला. एकट्या भंतेजींवर काहीच दिसत नव्हतं, त्यांच्या चीवराचा रंगच तसा.

डोळे उघडले आणि गलका उडाला!

"अवं लिला!" रुपाबाई मावशी पदर झटकत मायवर ओरडली. "या वयात मले हळद लावून कोनाच्या मांडवात उभी करून राह्यली तू?"

"थांबा मावशी, मी धुते!" सपना साबण घेऊन धावली.

"सपना, साबण नको!" मी ओरडलो. उशीर झाला होता. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हेही मी सातवीलाच शिकवतो. पण घरात विचारतं कोण? मावशीचा पांढरा पदर बघता बघता पिवळ्याचा लाल झाला. मावशीनं किंकाळी फोडली. गुरुजींनी टक्कल पुसायला घेतलेला ओला साबणाचा टॉवेल तसाच खाली ठेवला, पण अर्धं टक्कल लाल झालंच होतं. भंतेजी म्हणाले, "माझ्यावरही पडतंय बराच वेळ. मला वाटलं, इथली पद्धत असेल."

मी डोकं धरून बसलो. संपलं! आता माय पिशवी भरणार. फक्त रडू यायचंच राहिलं होतं.

आणि तेवढ्यात माय हसली. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडावर गेला, मग तिला श्वास घेता येईना. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत, मावशीच्या खांद्यावरचा डाग बोटानं चाचपत ती म्हणाली, "त्याइचीच हळद होय व रुपा. शेवटची. जानराव आले आज सगळ्याइच्या भेटीले."

मावशीनं पदर झटकायचा थांबवला. मग तीच म्हणाली, "माह्या अंगावर तं जास्तच आले." आणि सगळे हसत सुटले. खीर पातेलं पुसून संपली.

संध्याकाळी मी मायजवळ गेलो. विचारायची हिंमत होत नव्हती. तीच म्हणाली, "राह्यतो मी अठीच. पन त्या नळकांड्याले घाम येईन तवालोक. आटला का मी चालली रिठदले. मले कोंदटल्यावानी होते."

आता सांगा, काय करावं? छताला ओल आली होती, वायरिंगपर्यंत पाणी गेलं होतं. भाऊसिंगला परत बोलावलं. तो वर पाहून म्हणाला, "सर, मुंगी नाही गेली, पन मायबाई गेल्या ना!" पुन्हा फोम चढला, पुन्हा पट्टी लागली. डक्ट कोरडाठणठणीत!

म्हणून हल्ली मी मायच्या आधी उठतो. बागेतल्या झाडांवर मारायचा फवारा घेतो, शिडीवर चढतो आणि हॉलमधल्या डक्टच्या काळ्या पाठीवर सूंऽऽ सूंऽऽ करून घाम आणतो! मग शिडी लपवतो आणि पेपर वाचत बसतो. माय अंघोळ करून येते, मान वर करून पाहते, म्हणते, "फुटला घाम," आणि माठावर पाणी शिंपडायला जाते. रिठदची गाडी तिच्याशिवायच निघून जाते. घरात एक थेंब गळू देणार नाही म्हणणारा मी विज्ञानाचा शिक्षक, रोज सकाळी स्वतःच्या हातानं थेंब लावतो.

परवा चहा पिताना माय हलकेच म्हणाली, "अश्वा, उद्यापासून फवारा जरा खालच्या अंगानं मारत जाय. माठ असा पाठीवरून नाही झिरपत."

मी पेपर तोंडासमोर धरला. पण दुसऱ्या दिवसापासून खालच्या अंगानं मारतो.