लुईसाहेबाची पेटी

मारीबाय अंगणात बोंबील वाळत घालायची आणि तिथेच सावलीत, बाजेवर, तिचा नवरा आपली पेटी वाळत घालायचा. गळ्यात अडकवून वाजवायची ती पेटी, अकॉर्डियन. ऊन सरकलं की बाज सरकवायचा, आतलं मेण वितळतं म्हणून. कावळे आले की काठी घेऊन पेटीपाशी उभा.

"अरे, कावला काय पेटी खानार हाय? बोंबील बघ," ती ओरडायची.

"बोंबील बाजारात मिलते," हा म्हणायचा.

लुईसाहेब फ्रान्सचा. बोटीवर वाजवायचा. लढाई सुरू झाली, बोट मुंबईत अडकली आणि हा तापाने इस्पितळात पडला. तिथे आमच्या गावची मारीबाय नर्स होती. बरा झाला तो तिच्या मागोमाग वसईलाच आला. मराठी तिच्याकडून शिकला, म्हणून "मी आली, मी जेवली" करायचा. आम्ही हसलो की तोही हसायचा.

लग्नात वाजवायचा. ख्रिस्तावांच्या, आमच्याही. पण वरातीत सरळ चालणार नाही. तोंड नवरानवरीकडे, पाठ रस्त्याला. म्हणायचा, "लग्न तुझा, मग ऐकवू कोनाला? रस्त्याला?" माझ्या वरातीत असाच उलटा चालत विहिरीच्या कठड्यावर आपटला, तिथेच बसला, पण सूर सोडला नाही. मुंडावळ्यांआडून माझी बायको हसली. तिचं हसणं मी ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

पुढे मारीबाय पोटाच्या दुखण्याने गेली. त्यांच्यात वर्षाचा दुखवटा, वाजवणं बंद. लोक म्हणाले, आता हा जातो आपल्या मुलखात. फादर त्याला म्हणाले, "तू परका माणूस. लग्नं आलीत, वाजव. कोण बोलतंय?" मीही म्हटलं, "साहेब, पेटी अशी पडून राहिली तर ओलीने मरेल."

"मी मारीचा मानूस," तो म्हणाला. "मी पालनार."

एका दुपारी केळ्यांचा घड द्यायला गेलो. दार उघडं. हा पलंगाच्या कडेला बसलेला, गळ्यात पेटी. भाता उघडत होता, मिटत होता. सुराच्या पट्टीवर बोट नाही. नुसती हवा आत, हवा बाहेर. बाजूला मारीबायची उशी तशीच.

"भाता चालता ठेवताय होय?"

"हो," म्हणाला. मग उशीकडे बघून, "झोपली की मारी अशीच ऐकू यायची."

मी घड ठेवला आणि निघालो. घरी बायकोला म्हटलं, साहेब येडा झाला. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याकडे भाकरी पाठवायला लागली.

वर्ष सरलं त्या दिवशी तो पेटी घेऊन कबरस्तानात गेला. कबरीकडे तोंड, पाठ रस्त्याला, आणि वरातीतलं सगळं वाजवलं. मुलखात काही गेला नाही. तिथेच तिच्या शेजारी आहे आता.

माझी बायको यंदा गेली. आमच्यात जाळतात. तोंड कुठे करून बसावं, तेच कळत नाही.