मॅडमच्या हाती प्राणिसंग्रहालय

पोरांचा मेंदू तल्लख करायचा असेल, तर घरात पत्त्यांचा कॅट हवा! हे मी छातीठोकपणे सांगते. इथे जबलपूरलाच, फॅक्टरी क्वार्टर्समध्ये माझं बालपण गेलं. भोंगा झाला, पुरुष कामावर गेले, की आयाबाया चटई टाकून झब्बू खेळत. कुणी कुठलं पान उचललं, ते मला तेव्हाही पाठ असे. इस्पिकची एक्की कुणी लपवली होती, तेही आज सांगू शकते!

पण सुनेला कोण सांगणार? हर्षा बँकेत साहेब, माहेर नागपूरचं. परवा म्हणाली, "आई, समिधाला मेंदूविकासाच्या क्लासला टाकून राहिली मी. रोज दुपारी."

नात माझी पाच वर्षांची. दुपारीच गेली, तर मी काय घड्याळाशी बोलू?

"काहून? मेंदू घेऊनच जन्मली ना ती!"

"तुमच्याजवळ नुसती पत्ते खेळते. आज चाचणी आहे. चांगली निघाली तर दुपार तुमची. नाही तर क्लास!"

"चलो! मी पण येते!"

क्लासात भिंतीवर मेंदूचं भलंमोठं चित्र, सोललेल्या अक्रोडासारखं! मॅडमनी चित्रांची कार्डं झरझर दाखवली. हत्ती, आंबा, विमान, बदक... समिधाचे डोळे असे चमकले, जसं मांजरीला दुधाचं पातेलं दिसावं! तिने गठ्ठा ओढला, पिसला आणि मॅडमपुढे धरला.

"काटो, मॅडमजी!"

मॅडमनी भांबावून काटला! पोरीने सतरंजीवर सगळ्यांना बसवून पानं वाटली. बाजूची मुलंही सरसावली.

"फल पे फल, जानवर पे जानवर! नहीं है तो झब्बू! सामनेवाला सब उठाएगा!"

बघता बघता मॅडमच्या हातात अख्खं प्राणिसंग्रहालय गोळा झालं!

"आई, हे शिकवलंत तिला?" हर्षा दातओठ खात कुजबुजली.

"मेंदूविकास!" मी म्हटलं.

मॅडम भानावर आल्या. "माताजी, आपके घर में जुआ चलता है क्या?"

"राम राम! पैसा कभी नहीं लगाते! सिर्फ मूंगफली!"

हर्षाने डोळे मिटून घेतले. गेली माझी दुपार!

मॅडम कार्डं मोजून डब्यात भरत होत्या. कपाळाला आठी पडली. "एक कम है."

"बत्तख," समिधा म्हणाली. "आपने उठाई थी, फिर आई ही नहीं. आपके घुटने के नीचे है."

मॅडम उठल्या. खाली बदक!

"सरक गई होगी," त्या लालबुंद होऊन म्हणाल्या. "अच्छा, और इस बच्चे ने क्या उठाया था?"

"तितली, रेल, दो भालू."

बरोबर! एकेका मुलाचं विचारलं, सगळं बरोबर! शेवटी मॅडम हर्षाला हळूच म्हणाल्या, "दीदी, इसकी याददाश्त तो मुझसे अच्छी है."

ऑटोत मी सुनेला मेंदू या विषयावर घरापर्यंत व्याख्यान दिलं. दुपार माझी! मी लगेच चटई टाकली. हर्षाही पानं घेऊन बसली.

डाव रंगात आला. माझी पानं तर भराभर संपत होती!

"आजी," समिधा म्हणाली, "किलवरची राणी कहां है?"

"असेल कुठंतरी. तू खेळ."

"तुझ्या घुटने के नीचे आहे. रोज काहीतरी असतं."

हर्षा माझ्याकडे बघतच राहिली. बघू दे! पान आहे, सरकतं कधी कधी! गुडघा मात्र मी मुळीच उचलला नाही. संधिवात आहे हो मला!