सहाणेवरचं झाकण

सकाळी दहा वाजता युवराजनं बायकोचा कॉम्प्युटर उघडला, तेव्हा रोहिणीकडं सात तास होते. पाचच्या आत तिला एका बंगल्याचं चित्र पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं होतं. चित्र पसंत पडलं, तर अंथुर्ण्यात घरी बसून काम. नाही तर पुण्यात खोली घेऊन राहायचं आणि नवरा-बायकोनं आठवड्यातून एकदा भेटायचं. अडचण एकच होती. दहा मिनिटं चालला की कॉम्प्युटर तापायचा आणि आपला आपण बंद पडायचा.

युवराजचा धंदा मोटारी भरण्याचा. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, जुनी तार काढायची, नवी भरायची. खोलल्याशिवाय दोष कळत नाही, हे त्याच्या घराण्यातच होतं. आळीत पहिला टीव्ही आला, तेव्हा त्याच्या वडिलांनी तो आठव्या दिवशी खोलला होता आणि सगळी आळी महिनाभर नुसता आवाज ऐकत बसली होती. त्या वेळची माणसं गुणी. आवाज तरी येतोय, म्हणून कौतुकच करायची.

"ह्याच्या मेंदूवर एक झाकण असतंय," युवराज म्हणाला. "आतली पेस्ट वाळलीय, म्हणून गर्मी भाईर येत न्हाय. झाकण काढायचं, नवी पेस्ट लावायची, परत बसवायचं. व्हिडिओत बघितलंय."

"व्हिडिओतल्याचा बिघडला तर त्याची बायको पुण्याला जाणार नाही," रोहिणी म्हणाली.

दाढीच्या ब्लेडनं चारी कडांची चिकटवण कापत युवराजनं ते झाकण अलगद उचललं. दोन बोटांत मावेल एवढा, चांदीसारखा चकचकीत चौकोन. वर बारीक इंग्रजी अक्षरं. त्यानं तो टेबलावर ठेवला, पेस्टची नळी दाबली आणि नळीतून फुस्स एवढाच आवाज आला. तीही वाळलेली होती.

"झाकणाशिवाय नाही का चालणार?" रोहिणीनं विचारलं.

"उघड्या चिपवर पंखा दाबला तर तडकंल ती. इंदापुरातनं पेस्ट घेऊन आलोच."

तो गाडीला किक मारतोय तोच त्याची आई, कुशाबाई, ओसरीवर आल्या. देव्हाऱ्यातल्या खंडोबाचा चांदीचा टाक रोजच्या धुण्यापुसण्यानं इतका झिजला होता, की देवाला नाक-डोळे उरले नव्हते. म्हणून त्यांनी बारामतीच्या सोनाराकडं नवा घडवायला टाकला होता आणि काल युवराज तो आणायला गेला होता.

"टाक आणलास का रं?"

"व्हय, टेबलावर ठेवलाय," असं म्हणत युवराज गेलासुद्धा. ठेवायचं त्याच्या मनात होतं, एवढं खरं.

कुशाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. त्यांनी टेबलावरचा चकचकीत चौकोन उचलला, कपाळाला लावला आणि बोट फिरवलं. ना घोडा, ना तलवार, ना म्हाळसा. बोटाला लागली ती फक्त अक्षरं.

"देव कोरायचं ऱ्हायलं आन सोताच्या दुकानाचं नाव कोरलं मेल्यानं!"

देवाच्या अंगावर दुकानदाराचं नाव ठेवून पूजा कशी करायची? कुशाबाईंनी गंधाची सहाण पुढं ओढली, चुलीतली राख घेतली आणि पाण्याचा हबका मारून तो चौकोन पालथा घासायला सुरुवात केली. सासूनं शिकवल्याप्रमाणे, घाई न करता, एकसारखं, गोल गोल. दीड तासानं अक्षरं गेली. अक्षरांबरोबर चांदीही गेली आणि खालून लालभडक तांबं वर आलं.

कुशाबाई उठल्याच. टाक रुमालात गुंडाळून कनवटीला लावला, चपला घातल्या आणि दारातूनच सुनेला हाक दिली, "रोहिणी, बारामतीला जाऊन येते. सोनाराला इचारायचंय जरा."

रोहिणी आतल्या खोलीत घड्याळाकडं बघत बसली होती. "हो आत्या, सावकाश जा," ती म्हणाली. तिच्या डोक्यात बंगला होता.

युवराज पेस्ट घेऊन परतला तेव्हा दीड वाजला होता. टेबलावर झाकण नव्हतं. टेबलाखाली नव्हतं. केरात नव्हतं. शेवटी त्याची नजर ओसरीवरच्या सहाणेवर गेली. राखेत मिसळलेला लालसर गाळ त्यानं बोटावर घेतला. आयुष्य तांब्याच्या तारेत गेलेला माणूस तो.

"हे तांबं हाय," तो म्हणाला. "आई कुठाय?"

"बारामतीला. सोनाराकडं." रोहिणीनं एकदम तोंडावर हात ठेवला. "अहो, टाक समजल्या त्या!"

मोटारसायकलीवर दोघं निघाली. जंक्शन गाव गेलं, लासुर्णं गेलं, तेव्हा कुठं सणसरच्या स्टँडवर एसटी उभी सापडली. युवराज आत शिरला, तर निम्मी गाडी उठून उभी होती आणि वाद रंगला होता.

"मावशी, तुमी एकट्या जाऊ नगा. आमी येतो संगं," एक पागोटेवाला म्हणत होता.

"आपन सोनाराला पयल्यांदा शांतपनं इचारायचं," कंडक्टर रेश्मा समजावत होती. "मग धरायचं."

"आई, झाकण कुठाय?"

"कसलं झाकान? देव हाय तो! हातोहात बघायला फिरतोय."

चौकोन शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत येत ड्रायव्हरपाशी थांबला होता. तो त्यावर नख मारून बघत होता. "तांबंच हाय," त्यानं निकाल दिला.

"तांबंच असतंय ते!" रोहिणी जवळजवळ रडत म्हणाली. "आत्या, ते माझ्या कॉम्प्युटरचं आहे. पाचपर्यंत तो चालला नाही, तर मला पुण्याला जावं लागेल."

कुशाबाईंनी सुनेकडं पाहिलं, मग मुलाकडं. "मंग माजा देव कुठाय?"

युवराजनं कपाळाला हात लावता लावता तो सदऱ्याच्या खिशाकडं नेला. कालचाच सदरा. आतून गुलाबी कागदाची पुडी निघाली. पुडीत घोड्यावर बसलेला खंडोबा, शेजारी म्हाळसा, नाक-डोळ्यांसकट. पागोटेवाल्यानं हात जोडले. रेश्मानंही जोडले आणि मग बेल दिली.

घरी पोचायला साडेतीन झाले. युवराजनं पेस्ट लावली, झाकण बसवलं, पंखा आवळला. रोहिणीनं बंगला उघडला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पूर्वी शंभराच्या घरात जाणारा तापमानाचा आकडा पासष्टच्या वर चढेना. पाचला सात मिनिटं कमी असताना चित्र पुण्याला गेलं.

"बघितलंस?" युवराज ताठ झाला. "पेस्टचं काम हाय सगळं."

रोहिणीनं फोनमध्ये त्यानं बघितलेलाच व्हिडिओ पुढं सरकवून दाखवला. एक गोरा मुलगा झाकण काचेवर तासन् तास घासत होता. वरचा मुलामा काढून तांबं सपाट केलं, की पंख्याला नीट टेकतं आणि गर्मी आणखी उतरते, असं तो सांगत होता. युवराजनं हा भाग बघितलाच नव्हता.

रोहिणी उठली आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्या, आता घरात राहिले, तर तुमच्यामुळं राहीन मी."

"मी तर वाटुळं केलं म्हनत होते गं," कुशाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या.

आठवड्यानं पुण्याहून होकार आला. त्या दिवशी कुशाबाईंनी डबाभर पुरणपोळ्या केल्या आणि बारामती गाठली. सोनार गादीवर बसला होता. त्यांनी डबा त्याच्यापुढं ठेवला.

"अण्णा, मला माफ करा."

"कशाबद्दल मावशी?"

"ते इचारू नगा. नुसतं माफ केलं म्हना."

"केलं."

"लई उपकार झालं तुमचं. देव लई देखना घडवलात. तुमच्यासारखा इमानदार मानूस न्हाय," असं म्हणत कुशाबाईंनी दोन्ही हातांनी त्याच्यावरून बोटं ओवाळून मोडली आणि हलक्या मनानं एसटीकडं निघाल्या.

सोनारानं डबा उघडला, झाकला, परत उघडला. तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईक इतकं खूश होऊन गेलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. शेवटी त्यानं आत बायकोला हाक मारली.

"अगं, त्या अंथुर्ण्याच्या टाकात आपल्याकडनं चांदी जास्त तर गेली नसंल?"