और वापसी?

"नंतर बघू म्हणजे काय? आधी वापसीचं बोल!" विनूतात्या आपल्या गच्चीवरून इतक्या मोठ्यानं ओरडले की काशीतल्या आमच्या मंगला गौरीच्या देवळातली घंटा आपण होऊन वाजली. निदान मला तरी ऐकू आली.

गुन्हा आमचाच होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत रामेश्वरला जायचं ठरलं होतं आणि त्यावरून मी नि माझी बायको शुभा गच्चीवर भांडत होतो. मी रेल्वेच्या कारखान्यात, तेव्हा दोघांचा पास मिळतो; जाणं-येणं एकाच कागदावर. शुभाला पास नको होता. पासाची वाट ठरलेली. त्यापेक्षा सुटी तिकिटं काढू, मनाला येईल तिथं उतरू, परतीचं नंतर बघू, एवढंच ती बिचारी म्हणाली.

तात्यांची नि आमची भिंतीला भिंत. जन्मभर ते तिकीटखिडकीत बसले. नोकरी सुटली, प्रश्न सुटला नाही. कुणीही कुठंही निघालेला दिसला की ते विचारणारच, "और वापसी?" रामनगरला निघालेल्या नाववाल्याला विचारतात. माझ्या लग्नात सप्तपदीच्या चौथ्या पावलाला मला विचारलं. एकदा तर गल्लीतून तिरडी चालली होती, तात्या ओट्यावर दात घासत होते, सवयीनं तोंडातून गेलं, "और वापसी?" खांदेकरी जागच्या जागी थिजले. पुढच्यानं मागं बघितलं, मागच्यानं पुढं, आणि मधल्यानं पायाचा अंगठा हलवला. मी तिथं नव्हतो. पण अंगठा डावा होता, हे शपथेवर सांगतो.

"काशीला सिंगल, म्हणजे नुसतं यायचंच तिकीट, काढून कोण येतं, माहीत आहे ना?" तात्या म्हणत. "मग इथून सिंगल काढून जाणाऱ्यालाही तोच नियम." खिडकीच्या भोकातून आलेल्या आवाजावरूनच त्यांना कळायचं म्हणे, ह्याला परतीचं विचारण्यात अर्थ नाही. अशा आवाजाला पाठ नसते, असं ते सांगत. म्हणजे काय, ते मला आजवर कळलेलं नाही. पण तेव्हापासून फोनवर कुणी बोललं की मी त्याच्या आवाजाची पाठ चाचपत बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची समजूत घालायला गेलो. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि फळीवर गंगेचा गडू. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला, रामेश्वरला घालायला नेतात तसला. त्याच्याशेजारी पासाचा जुना अर्ज, टाचणीला गंज चढलेला. अर्जावर तात्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. खालची, सोबतच्या माणसाची ओळ तशीच रिकामी होती.

मी बोलत होतो आणि एकाएकी गडू घुमायला लागला. बंद माठात भुंगा अडकावा तसा. माझा चहा बशीत उतरला. तात्या शांत. राजघाटच्या पुलावर गाडी चढली की हादरा इथवर येतो, म्हणाले. ही नागपूरकडची असणार. मी मोबाइलवर बघितलं. गाडी तीन तास उशिरानं धावत होती, पुलाच्या जवळपासही नव्हती. तसं त्यांना सांगितलं.

"गाडीला उशीर होतो," तात्या म्हणाले. "ती वेळेवर निघते."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, बहीण नागपुरात आजारी पडली होती. तात्यांकडे त्या वर्षातला एकच पास उरला होता, आणि तो त्यांनी दोघांच्या रामेश्वरासाठी राखून ठेवला होता. गडू दोघांनी मिळून पंचगंगा घाटावर भरून आणलेला. तेव्हा काकूंना सुटं तिकीट. तात्यांनी स्वतःच्याच खिडकीवर, स्वतःच्या हातानं काढलं. मागं रांग खोळंबली होती, परतीचं नंतर बघू म्हणाले. त्या दिवशी एवढ्या एकाच गिऱ्हाइकाला वापसी विचारायची राहिली. आठव्या दिवशी तिकडून फोन आला. सगळं जग मरायला काशीला येतं. काशीची बाई नागपुरात गेली.

"पास परत केलात?" मी विचारलं.

"त्याची मुदत संपली. पुढच्या वर्षी अर्ज आणला. खालच्या ओळीत काय लिहू?"

घरी येऊन शुभाला सांगितलं. संध्याकाळी तिनं माझ्यासमोर पासाचा अर्ज ठेवला आणि खालच्या ओळीत स्वतःचं नाव स्वतःच लिहिलं, नीट, अक्षराला अक्षर लावून.

निघायच्या सकाळी तात्या दारात उभे. आज विचारणार म्हणून मी पास हातातच धरला होता. त्यांनी तो उलटसुलट बघितला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला. विचारलं काहीच नाही. मग धोतराच्या सोग्याखालून गडू काढला आणि शुभाच्या हातात दिला. ती दचकली. नंतर सांगत होती, मे महिन्यात तांबं एवढं गार नसतं, आणि आतलं पाणी हलत नव्हतं, धरून बसल्यासारखं होतं. माझं म्हणाल तर मी गडूला हात लावलेला नाही. रिक्षात तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला होता, आणि जागा जरा जास्तच घेत होता.

पण ते पुढचं. दारात असताना शुभाला रीत आठवली. गंगा रामेश्वरावर घालायची आणि तिथली वाळू परत आणून गंगेत सोडायची, तेव्हा यात्रा पुरी होते. तिनं गडू पदराखाली घेतला आणि हळूच, त्यांच्याच सुरात विचारलं, "और वापसी, तात्या? वाळू आणू ना?"

तात्या जिन्याकडे वळले होते.

"नको," म्हणाले. "तिचं सिंगलच."