‘नदीखबर’ची उघडी रेघ

एका जंगलात, मुलांनो, सिंह नव्हता. समिती होती.

समितीत तीन ज्येष्ठ होते. ज्येष्ठ म्हणजे जे आधी बोलतात, मध्ये बोलतात आणि शेवटी समारोपही करतात. जंगलात एक ग्रंथालयही होतं. तेही समितीच्याच ताब्यात होतं. उंबराच्या मोठ्या ढोलीत पुस्तकं, आणि बाहेरच्या खोबणीत पळसाच्या पानांची कार्डं. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड.

पुस्तकाचं कार्ड लिहिणं सोपं असतं. पुस्तक एकदा जन्मतं आणि गप्प बसतं. नियतकालिक तसं नसतं. ते दर पंधरवड्याला येतं, मध्येच रुसतं, नाव बदलतं, आणि कधी कधी कोणाला न सांगता मरतं. म्हणून त्याच्या कार्डावर पहिल्या अंकाचा क्रमांक लिहितात, पुढे एक आडवी रेघ ओढतात आणि रेघेपुढची जागा मोकळी ठेवतात. मोकळी जागा म्हणजे अंक अजून येतायत. ते बंद पडलं की शेवटच्या अंकाचा क्रमांक तिथे लिहायचा, आणि खाली टीप घालायची: यानंतर बंद, पुढे अमुक नावाने.

झालं. दोन ओळींचं काम. त्या दोन ओळींची ही गोष्ट आहे. जांभया देऊ नका, पुढे कोल्हा आहे.

तर त्या जंगलातून नदी वाहायची. वर, डोंगरापलीकडे, माणसांनी धरण बांधलं होतं. धरणाचं दार उघडलं की खाली नदी एकदम फुगायची. दार कधी उघडणार ते आधी कळावं म्हणून ‘नदीखबर’ नावाचं पाक्षिक निघालं. संपादक होते दादासाहेब. दादासाहेब म्हणजे एक भलामोठा गवा. बातमी आणायचा खंड्या. तो धरणावरच्या तारेवर बसून माणसांचं बोलणं ऐकायचा.

पहिल्या पानावर दादासाहेबांचा अग्रलेख असे. दुसऱ्या पानावर तो अग्रलेख संपत नसे. बातमी शेवटच्या पानावर, तीही जागा उरली तर. एकदा जागा उरली नाही आणि सशाचं बीळ वाहून गेलं. खंड्या चिडला. नोकरी सोडून गेला आणि स्वतःचं पत्रक काढायला लागला. ‘धरणाचं दार’ त्याचं नाव. एक पान, एक बातमी, अग्रलेख नाही.

बातमीदारच गेल्यावर ‘नदीखबर’ बंद पडलं. त्याला कित्येक पावसाळे लोटले. कार्डावरची रेघ मात्र उघडीच राहिली.

मग तिथे शलाका आली. शलाका ही तरुण साळिंदर. शेजारच्या जंगलातून ग्रंथालयाचं शास्त्र शिकून आलेली, कार्डं लिहायच्या नोकरीवर नवीनच लागलेली. पाठीवरचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायचं. राग आला की तिचे सगळे काटे उभे राहत. त्यामुळे तिचा राग लपत नसे. तिला तो लपवायचाही नसे.

ग्रंथपाल होते नाना. नाना हे खवले मांजर. निर्णय घ्यायची वेळ आली की ते अंगाचा गोळा करून घेत. या गुणामुळेच समितीने त्यांना ग्रंथपाल नेमलं होतं.

“नाना,” शलाकाने विचारलं, “‘नदीखबर’ बंद पडलंय ना?”

“हळू बोल. दादासाहेब ऐकतील.”

“मग मी रेघ बंद करते.”

“अगं, त्यांच्या हयातीत? त्यांच्या डोळ्यांदेखत?” नाना म्हणाले आणि निम्मे गोळा झाले.

“आणि हे ‘धरणाचं दार’? तुम्ही ज्या गठ्ठ्यावर झोपता ते? त्याचं तर कार्डच नाही!”

नाना आता पूर्ण गोळा झाले होते. आतून आवाज आला, “त्याचं कार्ड केलं तर आधीचं नाव लिहावं लागेल. मग ‘नदीखबर’वर पुढचं नाव लिहावं लागेल. मग दादासाहेब मला विचारतील. मऊ आहे गं गठ्ठा. राहू दे.”

एके सकाळी पाणमांजरीण तापीबाई धापा टाकत ग्रंथालयात आली. तिचं बीळ काठाला, अगदी पाण्यालगत. बिळात तीन पिल्लं. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

“पोरी, आज पाणी सोडणार आहेत का? वास वेगळा येतोय नदीला.”

शलाकाने नानांच्या पोटाखालून वरचं पत्रक ओढून काढलं. “हे बघा मावशी. ‘आज दुपारी दार उघडणार.’ पिल्लांना वर हलवा.”

“वर कपारीत नेता येतील. पण वाटेत तो कोल्हा बसलेला असतो. उगाच नाही मी लेकरं बाहेर काढणार.” तापीबाईने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. “याचं कार्ड कुठंय?”

“कार्ड नाही याचं.”

“मग हे ग्रंथालयात नाही.”

“तुमच्या हातात आहे की!”

“हातात काय, काहीही असतं.” तापीबाई खोबणीकडे गेली आणि तिने ‘नदीखबर’चं कार्ड बाहेर काढलं. “हे बघ. पाक्षिक. रेघ उघडी. म्हणजे चालू. पाणी सोडणार असते तर यात आलं असतं. आलेलं नाही. म्हणजे सोडणार नाहीत.”

“अहो मावशी, ते मेलंय!”

“श्श! दादासाहेबांचं आहे ते. आणि तू कालची पोर. हे कार्ड माझ्या आजीच्या वेळचं आहे.” तापीबाईने कार्ड जागेवर ठेवलं. “येते मी. मासा धरायचाय. लेकरं भुकेली असतील.”

ती गेली. शलाकाचे काटे टोकापर्यंत उभे राहिले.

मुलांनो, इथे तुम्ही म्हणाल, तापीबाई मूर्ख होती. अजिबात नाही. लहानपणापासून तिला शिकवलं होतं की कार्डावर असतं ते खरं. तुम्हालाही असं बरंच काही शिकवलेलं आहे.

शलाका कार्ड घेऊन समितीकडे धावली. समिती कोवळ्या उन्हाला बसली होती. एक दादासाहेब. दुसऱ्या माई, म्हणजे एक पांढऱ्या भुवयांची वानरीण. माई फार गोड बोलत आणि काहीही होऊ देत नसत. तिसरे नाना. ते शलाकाच्या मागोमाग गडगडत आले.

“टीप वाचते,” शलाका म्हणाली. “‘यानंतर बंद. पुढे “धरणाचं दार” या नावाने.’ मंजुरी द्या. पाणमांजरीची तीन पिल्लं बिळात आहेत.”

दादासाहेब इतके हसले की त्यांच्या पोटाखालचं गवत हललं. “पाणमांजराला पाण्याची भीती!”

“पिल्लांना पोहता येत नाही, दादासाहेब. शिकवावं लागतं.”

“आमच्या वेळी पाणमांजरं जन्मतःच पोहत.”

“तुम्ही गवा आहात.”

“बघा, माई! बघा कशी बोलते!”

माईंनी शलाकाला जवळ बोलावलं. फार जवळ नाही. “बाळ, तो ‘बंद’ शब्द टोचतो गं. तुझ्या अंगावर टोचणारं आधीच काय कमी आहे? ‘प्रकाशनात खंड’ असं लिही.”

“खंड म्हणजे पुन्हा सुरू होणार.”

“होणारच!” दादासाहेब म्हणाले. “पुढचा अंक माझ्या डोक्यात तयार आहे.”

“डोक्यातल्या अंकाला क्रमांक काय घालू?”

“उद्धटपणा नको. राहिलेल्या सगळ्या अंकांचा मी एक जोडअंक काढणार आहे. दिवाळीला.”

“मग ‘विश्रांती घेत आहे’ लिही,” माई म्हणाल्या. “किंवा असं लिही, ‘वाचकांच्या आग्रहास्तव अधिक सकस रूपात येण्याच्या तयारीत.’ वाचायला बरं वाटतं.”

“माई, ती पिल्लं बुडतील!”

“म्हणून तर घाई नको. घाईत चुकीचा शब्द पडतो.”

“आणि पुढच्या नावाचं?”

आता दादासाहेब उभे राहिले. उन्हं अडली. “त्या खंड्याचं नाव? माझ्या कार्डावर? त्याला चोच उघडायला मी शिकवलं!”

“नाना, ग्रंथपाल तुम्ही. तुम्ही सांगा.”

नानांनी दादासाहेबांकडे पाहिलं. शलाकाकडे पाहिलं. आणि गोळा झाले.

शेवटी ठरलं की शब्द निवडायला उपसमिती नेमावी. उपसमिती म्हणजे, मुलांनो, हेच तिघे, पण दुसऱ्या झाडाखाली.

तिघे दुसऱ्या झाडाकडे निघाले. ज्येष्ठांना एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जायला वेळ लागतो. तेवढ्यात शलाकाने पाठीवरचा काटा उपटला. रेघेपुढे शेवटच्या अंकाचा क्रमांक घातला. खाली लिहिलं: यानंतर बंद. पुढे ‘धरणाचं दार’. मग एक कोरं पान घेऊन ‘धरणाचं दार’चं कार्ड केलं. त्यावर लिहिलं: आधीचं नाव ‘नदीखबर’. अंक ठरावीक वेळी येत नाहीत, दार उघडणार असेल तेव्हा येतात. दोन्ही कार्डं आणि ते पत्रक तिने दातांत धरलं आणि ती नदीकडे सुटली.

तापीबाई उथळ पाण्यात मासा शोधत होती.

“मावशी, हे वाचा! कार्ड आहे!”

तापीबाईने वाचलं. पुन्हा वाचलं. बोटाने रेघ चाचपून पाहिली. “बंद? कधीपासून?”

“कित्येक पावसाळे.”

“अगं मग आधी सांगायचं नाही का, बये!”

शलाकाने फक्त बिळाकडे बोट दाखवलं. त्या दिवसातला तिचा एवढाच संयम.

तापीबाईने एकेक पिल्लू मानेला धरून कपारीत न्यायला सुरुवात केली. वाटेत कोल्हा बसला होताच. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. शलाका त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि उलट्या पावलांनी त्याच्या अंगावर चालून गेली. साळिंदर पाठ करतं तेव्हा वाट बदलायची असते. कोल्हा समितीवर नव्हता. त्याला लगेच कळलं.

तिसरं पिल्लू तोंडात धरून तापीबाई कपारीला लागली, तोच वरून गडगडाट आला. मागोमाग पाणी आलं. बीळ होतं तिथे नुसता गढूळ भोवरा फिरत होता. तापीबाईने खाली एकदाच पाहिलं. मग तिने तिन्ही पिल्लं चाटून चाटून ओली केली, जणू तीही आत्ताच पाण्यातून वर आली होती.

मुलांनो, साधी गोष्ट असती तर इथे संपली असती. शलाकाला शाबासकी, सगळ्यांना खाऊ. पण आपल्या जंगलात समिती आहे.

समितीने चौकशी केली.

“तापीबाई,” माईंनी विचारलं, “तुम्ही कशावर विश्वास ठेवून पिल्लं हलवलीत?”

“कार्डावर.”

“ऐकलंत?” दादासाहेब गरजले. “‘नदीखबर’च्या कार्डाने तीन जीव वाचवले! आणि ही मुलगी त्या कार्डावर खाडाखोड करते!”

“खाडाखोड केली म्हणूनच वाचले ना!” शलाका ओरडली.

पण तिची बोलायची पाळी नव्हती. निष्कर्ष निघाला: कार्ड कधी चुकत नाही. ज्या कार्डाने जीव वाचवले ते मूळ रूपात जपलं पाहिजे. टीप खरवडून काढण्यात आली. रेघ पुन्हा उघडी झाली. ‘धरणाचं दार’चं कार्ड नियमबाह्य म्हणून फाडलं. शलाकाला समज देण्यात आली. आणि दादासाहेबांचा जाहीर सत्कार ठरला.

सत्कार नदीकाठच्या वाळूत. शाल, श्रीफळ, मानपत्र. शोभेसाठी ‘नदीखबर’चे सगळे जुने अंक वाळूवर मांडून ठेवलेले. पहिल्या रांगेत तापीबाई आणि तिन्ही पिल्लं. त्यांच्यापुढे पाटी होती, ‘लाभार्थी’. शलाकाला सतरंज्या घालायला बोलावलं होतं.

ती सतरंजी झटकत पहिल्या रांगेपाशी आली तेव्हा तापीबाईने हळूच विचारलं, “पोरी, आज पाणी आहे का?”

“कार्ड बघा की.”

“कार्ड राहू दे गं. तू सांग.”

शलाकाने सतरंजी खाली टाकली. “आहे. भाषणं संपायच्या आत.”

तापीबाईने एक पिल्लू तोंडात धरलं, दोन पुढे ढकलली आणि ती कपारीच्या वाटेला लागली. आता पिल्लं चालायला लागली होती, पडत-झडत. तिला बघून ससा उठला. ससा उठला म्हणून भेकर उठलं. मागच्या रांगा आधी रिकाम्या झाल्या. तिथे जाणती मंडळी बसतात.

शलाका मंचाजवळ गेली. “दादासाहेब, पाणी येतंय.”

“कुठे लिहिलंय?”

“‘धरणाचं दार’मध्ये.”

“त्याचं कार्ड आहे?”

“होतं. तुम्ही फाडलंत.”

“मग खाली बस.”

शलाका बसली नाही. ती वर गेली.

दादासाहेब भाषणात “आणि शेवटी” असं म्हणाले आणि मग पुढे बरंच बोलले. नदी पहिल्या “शेवटी”लाच आली.

काळजी करू नका, कोणी बुडालं नाही. गव्यांना चांगलं पोहता येतं. दादासाहेब नाक वर काढून, तोंड चालू ठेवून पलीकडच्या काठाला लागले. माई शाल घेऊन झाडावर चढल्या. नाना गोळा होऊन वाहत गेले. कुठे थांबायचं हा निर्णय त्यांनी घेतला नाही, नदीने घेतला. ‘नदीखबर’चे अंक मात्र भिजून त्यांचा लगदा झाला. राहिलेल्या अंकांचा नव्हे, पण आलेल्या अंकांचा जोडअंक एकदाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. ओली होती, शिंकत होती. आणि जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक टीप एकमताने, उपसमिती न नेमता मंजूर झाली. लिहायला शलाकाला निरोप गेला. ती आली नाही. ती वर कपारीत होती. तिथे तिने ‘धरणाचं दार’चं नवं कार्ड दगडाखाली दाबून ठेवलं होतं, आणि तापीबाईसकट निम्मं जंगल ते वाचायला रांगेत उभं होतं.

मग टीप माईंनीच शेपटीने लिहिली. ‘नदीखबर’च्या कार्डावर ती अजून आहे:

‘काही अंक पाण्याने खराब झाले आहेत.’

रेघ उघडीच आहे.

तात्पर्य (परीक्षेत लिहू नये): ज्येष्ठांचं बोलणं कधी मध्येच तोडू नये. त्यांना ते सावकाश पूर्ण करू द्यावं, आणि तेवढ्या वेळात पिल्लं उंचावर न्यावीत.